ॲस्बेस्टॉस-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर : गुणांकनाची चिकित्सा

ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही १९९९ मध्ये बंदी आली. पण जुन्या इमारतींत ते अजून आहे. २०१२ च्या ॲस्बेस्टॉस नियंत्रण नियमांनुसार अनिवासी इमारतीची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याने ते कोठे आहे हे शोधून नोंदवही ठेवायची असते. ही नोंदवही आता सॉफ्टवेअरमध्येही ठेवतात. पाहणी करणारा फोटो, जागा व नमुन्याचा निकाल भरतो. सॉफ्टवेअर गुण काढून पुढील तपासणीची तारीख देते. कागदी फाईलपेक्षा हे निश्चितच सोयीचे आहे. प्रस्तुत टिपणात आपण फक्त गुणांकन तपासू.

गुणांकनाची पद्धत एचएसजी २६४ या मार्गदर्शिकेतील आहे. वस्तूचा प्रकार, नुकसान, पृष्ठभागाचे आवरण आणि ॲस्बेस्टॉसचा प्रकार या चार निकषांच्या गुणांची बेरीज करतात. कमाल गुण १२. दहा किंवा अधिक गुण म्हणजे तंतू सुटण्याची शक्यता 'उच्च', ७ ते ९ 'मध्यम', ५-६ 'कमी', ४ पर्यंत 'अत्यल्प'.

आता दोन नोंदी पाहा.

१. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा सिमेंटचा पत्रा, फुटून भुगा खाली पडलेला : १ + ३ + १ + १ = ६.
२. तपकिरी ॲस्बेस्टॉसचा इन्सुलेशन बोर्ड, रंगवलेला व धडधाकट : २ + ० + १ + २ = ५.

दोन्ही 'कमी' गटात येतात. पण पहिल्या ठिकाणी भुगा आजच उचलायला हवा. दुसऱ्या ठिकाणी काही करायचे नाही. फक्त तेथे कोणी ड्रिल चालवू नये. चार निकषांची बेरीज झाली की नुकसानीचे ३ गुण त्यात बुडून जातात. म्हणून जे सॉफ्टवेअर केवळ बेरीज व रंग दाखवते, ते अपुरे मानावे. चारही गुण वेगळे दिसले पाहिजेत आणि नुकसान ३ असल्यास बेरीज कितीही असो, इशारा आला पाहिजे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कुलूपबंद खोली किंवा छताच्या वरची पोकळी पाहता आली नाही, तर तेथे ॲस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरावे, असा नियम आहे. डेटाबेसमध्ये मात्र न पाहिलेल्या जागेची नोंदच नसेल, तर नकाशात ती जागा निर्धोक भासते. वायरमन नकाशा पाहून भोक पाडतो. धूळ त्याच्याच फुप्फुसात जाते आणि आजार काही दशकांनी उमटतो. 'आढळले नाही' आणि 'पाहिले नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत, हे डेटाबेसच्या आराखड्यातच ठरले पाहिजे.

आपल्याकडे पांढरे ॲस्बेस्टॉस आयात होते व त्याचे पत्रे आजही छपरांवर आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ ब्रिटनचा नाही.

स्वाध्याय : आपल्या महाविद्यालयाच्या एका इमारतीसाठी अशा नोंदवहीचा तक्ता तयार करा. 'पाहिले नाही' ही नोंद कोणत्या रकान्यात जाईल व नकाशात कशी दिसेल, ते लिहा.