मिरचीतले ‘नर’ आणि ‘मादी’

ढोबळी मिरची उलटी धरा आणि खालचे उंचवटे मोजा. तीन असतील तर ती ‘नर’, भाजीला चांगली. चार असतील तर ‘मादी’, गोड आणि भरपूर बियांची. घरगुती सल्ल्यांतून आणि आता मोबाइलवरून फिरणारी ही माहिती विद्यार्थी वर्गातही घेऊन येतात. तिच्यात एक गुण आहे: ती फळ हातात घेऊन पाहायला लावते. दोष असा, की फूल मात्र पाहायला लावत नाही.

मिरचीचे फूल द्विलिंगी असते. कडेने पाच-सहा पुंकेसर, मधोमध एक स्त्रीकेसर. त्यातला अंडाशय वाढून मिरची होते, फलित बीजांडांच्या बिया होतात. मग बियांनी भरलेले फळ ‘नर’ कसे? पपईत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. पण तिथेही फळ धरते ते अंडाशय असलेल्या फुलालाच. उंचवटे ही अंडाशयातील कप्प्यांची खूण. त्यांची संख्या वाणावर आणि फूल घडतानाच्या परिस्थितीवर ठरते. एकाच झाडावर तीन आणि चार उंचवट्यांची फळे सापडतात.

गोडी ठरते ती मुख्यतः वाणावर आणि तोडणीच्या वेळेवर. हिरवी ढोबळी मिरची म्हणजे कच्चे फळ. झाडावर आणखी दोन-चार आठवडे राहिली, तर हरितद्रव्य नाहीसे होऊन लाल किंवा पिवळा रंग येतो, साखरही वाढते. मात्र पिकणारी फळे झाडाचे अन्न घेतात, नवी फळधारणा मंदावते. म्हणून भाजीसाठी फळे हिरवी तोडावीत, बियाण्यासाठी दोन-तीन पूर्ण पिकू द्यावीत. ‘मादी’ म्हणून निवडलेल्या हिरव्या फळातले बी अपक्व असेल, तर ते नीट रुजणार नाही.

पुस्तकातले फूल पाठ असूनही ताटातल्या भाजीला ते लावता येत नसेल, तर शिकवणे अपुरे राहिले. यावर व्याख्यानापेक्षा एक कुंडी उपयोगी पडेल. मुलांनी फूल उकलून पाहावे, प्रत्येक फळाचे उंचवटे, तोडल्याची तारीख, रंग आणि चव वहीत नोंदवावी. निष्कर्ष त्यांनाच काढू द्यावा.