खूणशब्दांपलीकडे : प्रवेश परीक्षा आणि साहित्यसंज्ञा

पदवी प्रवेशासाठी २०२२ साली सुरू झालेल्या सीयूईटी परीक्षेच्या तेरा भाषांत मराठीही आहे. तिच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचे आकलन, शब्दसंग्रह आणि साहित्याची जाण तपासली जाते. पर्याय चार, उत्तर एक. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावातून बारावी झालेला विद्यार्थी तयारीला लागला, की त्याच्या हाती सहसा व्याख्या आणि समानार्थी शब्दांच्या याद्या पडतात. त्यांनी त्याची वाचनशक्ती वाढते का, हा खरा प्रश्न आहे.

पाठांतराला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठच करावे लागते. पहिल्या आठांपैकी कोणतेही अक्षर घेऊन पुढची दोन जोडली, की त्या गणाचा क्रम मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. येथे पाठ केलेले सूत्र ओळ तपासण्याचे साधन होते.

अलंकारांच्या बाबतीत मात्र साधनाची जागा खूणशब्दाने घेतली आहे. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ किंवा ‘वाटे’ दिसले की उत्प्रेक्षा. पण ‘आज पाऊस येईल असे वाटते’ यात अलंकार नाही. ‘गवय गाईसारखा असतो’ हे न्यायशास्त्रात उपमान प्रमाणाचे उदाहरण आहे; चमत्कृती नसल्याने तो उपमा अलंकार होत नाही. फरक कल्पनेच्या हालचालीत असतो. वेचणीला आलेले कापसाचे शेत चांदण्यासारखे दिसते, ही उपमा. ते जणू चांदणेच, ही उत्प्रेक्षा. हे शेत नव्हे, चांदणेच आहे, ही अपन्हुती. साम्यापासून संभावनेपर्यंत आणि तेथून निषेधापर्यंतचा हा प्रवास एकदा स्वतःच्या वाक्यात केला, की व्याख्या घोकावी लागत नाही.

शब्दसंग्रहाचेही तसेच. जल, नीर, उदक हे यादीत एका ओळीत बसतात. पण ‘उदक सोडणे’ऐवजी ‘नीर सोडणे’ चालत नाही. शब्दाचा नेमकेपणा वऱ्हाडातल्या मुलाला परका नाही. पऱ्हाटी हे झाड, बोंड हे फळ, सरकी हे बी आणि सरकी काढल्यावर उरते ती रुई, हा भेद तो जाणतो. विठ्ठल वाघांच्या कवितेतून साऱ्या महाराष्ट्राला ओळखीची झालेली ‘तिफण’ घ्या. तीन फण असलेले पेरणीचे अवजार, असा विग्रह होताच बहुव्रीही समास त्याच्याच शिवारात सापडतो. तरीही वर्गात उदाहरणे येतात ती नीलकंठ आणि लंबोदर यांचीच. ती चुकीची नाहीत. पण तेवढ्यावरच थांबल्याने व्याकरण म्हणजे दुसऱ्याची भाषा, असा समज रुजतो. यात त्या मुलाचे खरे नुकसान आहे.

उपाय परीक्षा रद्द करण्यात नाही. ‘सारखा’ असलेली दोन वाक्ये देऊन अलंकार कोणत्या वाक्यात आहे, हे चार पर्यायांतही विचारता येते. असा प्रश्न खूणशब्दाने सुटत नाही; त्यासाठी वाक्य वाचावेच लागते. प्रश्न बदलले तर शिकवणी बदलेल, कारण शिकवणी प्रश्नांच्या मागे चालते. तोवर शिक्षकाला एवढे करता येईल : प्रत्येक संज्ञेसोबत विद्यार्थ्याच्या बोलीतले एक उदाहरण त्याच्याकडूनच मागावे. ते देता आले, तर संज्ञा त्याची झाली.