रुमानियाचा सिनेमा आणि वऱ्हाडचा प्रेक्षक

भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने २००४ पासून गोव्यात बस्तान बसवले. तेथे २००७ साली भरलेल्या ३८ व्या महोत्सवाचा प्रारंभ क्रिस्तियान मुंजिऊ या रुमानियन दिग्दर्शकाच्या 'चार महिने, तीन आठवडे आणि दोन दिवस' या चित्रपटाने झाला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला पाम द'ओर मिळाले होते. पूर्ण लांबीच्या रुमानियन चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पुढे २०१९ च्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मारियुस ओल्तेआनू यांच्या 'मॉन्स्टर्स'ला पदार्पणाचा पुरस्कार विभागून दिला गेला. म्हणजे ज्याला जगभर 'रुमानियन नवी लाट' म्हणतात, ती आपल्या किनाऱ्याला लागून गेलेली आहे. प्रश्न एवढाच आहे की किनाऱ्यापासून आत, अकोला-अमरावतीपर्यंत, ती का पोहोचली नाही?

हा प्रश्न आम्ही गाऱ्हाणे म्हणून विचारत नाही. अमरावती हे चित्रपट वितरणाचे जुने ठाणे आहे. 'सी.पी. बेरार' नावाच्या वितरण विभागाचा व्यवहार याच गावातून चालत आला. कोणते रीळ कोणत्या तालुक्याच्या टॉकीजला कोणत्या शुक्रवारी जाईल, हे येथे ठरायचे. सिनेमा गावोगाव पोहोचवण्याचे शास्त्र आम्हाला कोणी शिकवावे असे नाही. तरीही मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले, पुण्यात २००२ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला, आणि आमच्याकडे जगाचा सिनेमा म्हणजे पुण्यामुंबईला शिकून आलेल्या मुलांनी सुटीत सांगितलेल्या गोष्टी, एवढेच राहिले. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्ही तिघाचौघांनी हे चित्रपट एका उन्हाळ्याच्या सुटीत लॅपटॉपवर, कूलरच्या आवाजात, इंग्रजी उपशीर्षके वाचत पाहिले. पाहताना वारंवार असे वाटत राहिले की हा सिनेमा महोत्सवापेक्षा आमच्या गावच्या प्रेक्षकाला अधिक जवळचा आहे.

मुंजिऊंचा तो चित्रपट १९८७ सालात घडतो. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली फर्मान काढून गर्भपातावर बंदी घातली होती. राष्ट्राला माणसे हवी होती, आणि ती बायकांनी पुरवायची होती. बेकायदा उपायांत हजारो स्त्रिया दगावल्या. राजवट कोसळताच, १९८९ च्या डिसेंबरात, सर्वांत आधी जे कायदे रद्द झाले त्यात हा एक होता. चित्रपटात ओतिलिया नावाची विद्यार्थिनी आपल्या मैत्रिणीसाठी हॉटेलची खोली, पैसे आणि एक निर्दय इसम यांची जुळवाजुळव करते. दिग्दर्शक कुठेही भाषण करत नाही. ओतिलियाला मधेच मित्राच्या घरी वाढदिवसाच्या जेवणाला बसावे लागते, तेव्हा कॅमेरा टेबलासमोर खिळून राहतो. थोरामोठ्यांच्या गप्पा चालू आहेत, आणि तिच्या चेहऱ्यावर दुसरीकडची खोली आहे.

आपल्याकडे याच्या उलटे झाले होते. तिकडे सरकार म्हणत होते मूल झालेच पाहिजे. इकडे आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, सरकार म्हणत होते मूल होता कामा नये. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. 'केस आणा' हा हुकूम त्या काळात शिक्षकांवरही सुटला होता. आमच्या पेशाच्या इतिहासातले ते पान जुनी मंडळी आजही आवाज खाली करून उघडतात. दिशा उलटी असली तरी नोंदवही तीच आणि माणसाच्या शरीरावर हक्क सांगणारा शिक्का तोच. मुंजिऊंचा चित्रपट पाहून रुमानियाची कीव करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

क्रिस्ती पुयू यांचा 'श्री. लाझारेस्कूंचा मृत्यू' (२००५) याहून साधा आहे. एकटा राहणारा, दारूचा वास येणारा म्हातारा. पोट आणि डोके दुखते म्हणून रुग्णवाहिका येते, आणि एका रात्रीत चार दवाखाने होतात. त्याच रात्री बसचा मोठा अपघात झालेला आहे, डॉक्टर थकलेले आहेत, कोणीही खलनायक नाही. अडीच तासांचा हा चित्रपट पाहताना आमच्यातल्या एकाने मधेच एकच शब्द उच्चारला : 'रेफर'. पातूरचा किंवा अकोटचा माणूस अकोल्याला 'रेफर' होतो, अकोल्याचा अडीचशे किलोमीटरवर नागपूरला, आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने नाव, वय, पत्ता सांगतो. लाझारेस्कूचे पहिले नाव 'दान्ते' आहे, आणि समीक्षकांनी त्यावर पाने भरली आहेत. आम्हाला मात्र त्या नरकयात्रेपेक्षा सोबत फिरणारी मिओआरा ही परिचारिका महत्त्वाची वाटली. डॉक्टर तिचा अपमान करतात, तरी ती म्हाताऱ्याला टाकून जात नाही. चित्रपटाची नैतिक बाजू तिच्या थकलेल्या पायांवर उभी आहे.

याच सूत्राचा दुसरा भाग म्हणावा असा माहितीपट म्हणजे अलेक्सांडर नानाऊ यांचा 'कलेक्टिव्ह' (२०१९). बुखारेस्टच्या एका क्लबला ३० ऑक्टोबर २०१५ रोजी आग लागली. बळी गेले एकूण ६४. त्यातले निम्म्याहून अधिक नंतर दवाखान्यांत मेले. जंतुनाशकात पाणी घातलेले होते, हे उघडकीला आणले ते एका क्रीडा दैनिकाच्या बातमीदारांनी! आमच्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशुकक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी 'कलेक्टिव्ह'ला ऑस्करची दोन नामांकने होती. भंडाऱ्याच्या बातम्यांचा पाठपुरावा किती महिने झाला आणि त्यावर कोणी कॅमेरा रोखून बसले का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पोरुंबोयू हा आमचा आवडता. कोर्नेलियू पोरुंबोयू १९७५ साली वास्लुई नावाच्या लहान गावात जन्मला, आणि त्याचा पहिला मोठा चित्रपट त्याच गावात घडतो. नाव मूळ भाषेत एक प्रश्नच आहे : 'झाली होती की नव्हती?' काय झाले होते? क्रांती. चाउशेस्कू २२ डिसेंबर १९८९ रोजी दुपारी बारा वाजून आठ मिनिटांनी हेलिकॉप्टरने पळाला. आपल्या गावातली माणसे त्याआधी चौकात उतरली असतील तर गावात क्रांती झाली. नंतर उतरली असतील तर तो नुसता जल्लोष! स्थानिक दूरचित्रवाणीचा मालक एका मद्यपी इतिहासशिक्षकाला आणि एका म्हाताऱ्याला समोर बसवून हाच हिशेब मांडतो. बेचाळीसच्या लढ्यात आष्टी-चिमूरला आपला चुलता होता असे सांगणारी माणसे ज्याला भेटली आहेत, त्याला हा विनोद समजावून द्यावा लागणार नाही. तरी आम्हाला हसताना वाईट वाटले ते त्या शिक्षकासाठी. त्याच्या बाजूने शेवटी फोनवर बोलतो तो एक चिनी दुकानदार, ज्याला त्याने नशेत शिव्या दिलेल्या असतात. गावात 'बाहेरचा' ठरलेला माणूसच तेवढी सभ्यता दाखवतो. पोरुंबोयू यावर अधिक काही म्हणत नाही.

त्याचाच 'पोलीस, विशेषण' (२००९) मात्र शिक्षकांनी मुद्दाम पाहावा. क्रिस्ती नावाचा तरुण पोलीस चरस ओढणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या मागावर आहे. पकडले तर मुलाच्या आयुष्याची वर्षे जातील, आणि कायदा लवकरच बदलणार असे त्याला वाटते. म्हणून तो नकार देतो. त्याची बायको भाषेची शिक्षिका आहे. त्याच्या अहवालात एक शब्द जोडून लिहायचा की तोडून, याची चूक ती काढते, कारण अकादमीने नियम बदललेला आहे. (शुद्धलेखनाचा लाल पेन घरात असला की संसार कसा चालतो, ते आम्हाला ठाऊक आहे.) शेवटी साहेब त्याला बोलावतो, 'तुला अडवते ते नेमके काय?' असे विचारतो, त्याचे उत्तर फळ्यावर लिहून घेतो आणि शब्दकोश मागवतो. हा साहेब रंगवणारा व्लाद इवानोव म्हणजे मुंजिऊंच्या चित्रपटातला तो निर्दय इसम. क्रिस्तीला एकेक शब्दाचा अर्थ मोठ्याने वाचायला लावला जातो. कोणी आवाज चढवत नाही, आणि वाचून संपते तेव्हा तो हरलेला असतो. शेवटच्या दृश्यात तोच खडू घेऊन फळ्यावर मुलाला पकडण्याचा नकाशा काढतो.

येथे आम्ही चित्रपट थांबवला, कारण आमच्यात वाद पेटला. क्रिस्ती ज्या शब्दावर अडतो त्याला उर्दूत 'जमीर' म्हणावे. मराठीत 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द आहे, परंतु तो दहावीच्या पोराला लिहिता येत नाही, मग तो त्याच्या आत कसा असणार? बोलताना आमच्याकडे 'मन खाते' म्हणतात. आम्हाला वाटते, तोच खरा तरजुमा. क्रिस्तीचे मन खाते आहे, आणि साहेब म्हणतो शब्दकोशात खाण्याचा अर्थ अन्न चावणे असा आहे. फळा, खडू, शब्दकोश ही आमची हत्यारे. त्यांनीच माणसाच्या आतला आवाज बंद करता येतो, हे इतक्या शांतपणे सांगणारा दुसरा चित्रपट आम्ही पाहिलेला नाही. परीक्षेत व्याख्या घोकून घेणाऱ्या प्रत्येकाला ते साहेबांचे टेबल ओळखीचे वाटेल.

परीक्षेवरून मुंजिऊंचा 'ग्रॅज्युएशन' (२०१६) आठवतो. डॉक्टर बापाने मुलीला प्रामाणिकपणे वाढवले आहे. परदेशातली शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी तिला शालान्त परीक्षेत गुण हवेत, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिच्यावर हल्ला होतो. मग बाप एका ओळखीतून दुसऱ्या ओळखीकडे जातो. पैशाचे पाकीट जवळजवळ दिसतच नाही. फक्त 'तुमचे काम मी करतो, माझे तुम्ही पाहा'. कॉपीमुक्त अभियानाचे फलक ज्यांनी लावले आहेत त्यांनी हा चित्रपट पाहिला तर खिडकीतून चिठ्ठी फेकणाऱ्या पोराइतकाच त्याचा बापही त्यांना दिसेल. तरीही आमच्या मते मुंजिऊ येथे फार आखीवरेखीव होतात. प्रत्येक प्रसंग बापाला कोंडीत पकडण्यासाठीच रचलेला दिसतो.

आमची मोठी हरकत वेगळी आहे. या लाटेतल्या सुरुवातीच्या चित्रपटांत रोमा, म्हणजे ज्यांना तिकडे हिणवून जिप्सी म्हणतात ते लोक, कुठे असतात? फार झाले तर रस्त्याच्या कडेला. ते मध्यभागी आले रादू जूदे यांच्या 'आफेरीम!' (२०१५) मध्ये. काळ १८३५, प्रांत वलाकिया. कोस्तान्दिन हा शिपाई आपल्या मुलाला घेऊन घोड्यावरून एका पळालेल्या रोमा गुलामाच्या शोधात निघतो. रोमांची गुलामगिरी तेथे १८५५-५६ पर्यंत टिकून होती. शिपाई म्हणींवर म्हणी सांगतो, दयाळूही आहे, गुलामाची रदबदली करण्याचे वचनही देतो. आणि शेवटी त्याला मालकाच्या हवाली करून इनाम घेतो. या चित्रपटासाठी बर्लिनने जूदे यांना दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल दिले.

'आफेरीम' म्हणजे आपले 'आफरीन'! फारसीतून तुर्कीत आणि उस्मानी सत्तेबरोबर रुमानियात गेलेला शब्द. एकदा हे कळल्यावर आम्ही कान देऊन ऐकू लागलो. रुमानियनमध्ये शत्रूला 'दुश्मान' म्हणतात. 'मुसाफिर' म्हणजे पाहुणा, 'मैदान' म्हणजे पडीक मोकळी जागा. 'बक्शिश' म्हणजे वेटरला दिलेले वरचे पैसे. मराठीने त्याच शब्दाचे स्पर्धेतले बक्षीस केले. आणि 'हाल' हा शब्द उर्दूत नुसती अवस्था सांगतो, तर रुमानियनमध्ये मराठीसारखाच वाईट अवस्था! ज्या रोमांना तेथे विकले जाई, त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी', काळ्याला 'कालो' आणि नाकाला 'नाक' म्हणतात, कारण त्यांचे पूर्वज याच भूमीतून गेले. म्हणजे मालकाच्या तोंडी आमची फारसी आणि गुलामाच्या तोंडी आमची प्राकृत! जूदे यांचा चित्रपट आम्हाला परका वाटेना, आणि त्यामुळेच तो पाहवेना. 'आफरीन' हा शब्द शाबासकीसाठी शाळेत आम्ही रोज वापरतो. येथे तो क्रौर्याच्या शेजारी उभा आहे.

रुमानियाच्या प्रेक्षकाने आपला सिनेमा कधीच घरात घेतला होता. राज कपूरचा 'आवारा', ज्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, तिकडे अमाप लोकप्रिय झाला. परतीची वाट मात्र महोत्सवाच्या पासाशिवाय उघडत नाही, आणि पास मिळाला तरी इंग्रजी उपशीर्षके आहेतच. अकोल्याच्या ज्या आईबापांना 'ग्रॅज्युएशन' दाखवायला हवा, त्यांना ती धावती अक्षरे वाचता येत नाहीत.

यावरचा इलाज रुमानियानेच एकदा काढला होता. १९८० च्या दशकात परदेशी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटी चोरून घरोघर फिरत. त्यांतल्या नायक, नायिका, खलनायक, पोरेबाळे अशा सर्वांचे संवाद इरिना मार्गारेता निस्तोर ही एकच बाई आपल्या एकट्या आवाजात रुमानियनमध्ये बोलून टाकत असे. असे तीन हजारांवर चित्रपट तिने केले. तिच्यावर 'चक नॉरिस व्हर्सेस कम्युनिझम' (२०१५) नावाचा माहितीपटही आहे. आम्ही 'झाली होती की नव्हती?' दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा शेजारची काही मंडळी येऊन बसली होती. आमच्यातल्या एकाने पडद्याशेजारी बसून सगळे संवाद वऱ्हाडीत सांगितले. चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. अर्ध्या तासाने त्याचा घसा बसला, तेव्हा पुढचे दुसऱ्याने धरले, आणि चिनी दुकानदाराचा फोन आला तोवर खोलीत कोणी उपशीर्षकांकडे पाहत नव्हते.