उत्कंठा आणि रसास्वाद

हिवाळा लागला म्हणजे मुंबई-पुण्याकडून कलेच्या वार्ता येऊ लागतात. मुंबईस जहांगीर कलादालनात एकामागून एक चित्रप्रदर्शने भरतात. पुण्यास २००२ सालापासून चालत आलेला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुधा जानेवारीत येतो. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी या वार्तांची वाट पाहणारी कुटुंबे आहेत. दौंडमार्गे पुणे गाठणे त्यांस अशक्य नाही. तथापि त्यासाठी एक अख्खा दिवस मोडतो, चार माणसांचे भाडे पडते आणि मुलांची शाळा बुडते. एवढा खटाटोप करून जे पदरी पडते ते त्या खटाटोपास साजेसे असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बहुधा ते तसे नसते. आणि आमच्या मते याचा दोष प्रदर्शनांकडे थोडा व त्यांची आगाऊ ओळख करून देणाऱ्या लेखनाकडे अधिक जातो. या लेखनात पारितोषिकांची यादी असते, सहभागी राष्ट्रांची संख्या असते, उद्घाटकांचे नाव असते. चित्रात काय पाहावे, दिग्दर्शकाने कोणता प्रश्न हाती घेतला आहे, याविषयी मात्र एक अक्षर नसते. परिणामी प्रेक्षक कीर्ती पाहावयास जातो, आणि कीर्ती पाहून परत येतो.

दूरच्या प्रेक्षकास या उणिवेची झळ अधिक लागते. मुंबईकराचे एखादे चित्र नीट पाहणे राहिले तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकतो; श्रीगोंदेकरास ती सोय नाही. त्यातही दोन कलांत भेद आहे. चित्र भिंतीवर स्थिर असते; त्यापुढे किती वेळ उभे राहावे हे पाहणाऱ्याच्या स्वाधीन असते. चित्रपट कोणासाठी थांबत नाही, आणि महोत्सवात तो एकदा-दोनदाच दाखविला जातो. म्हणून चित्रासंबंधीची काही तयारी दालनातही होऊ शकेल. चित्रपटाची तयारी घरीच झाली पाहिजे.

अशी तयारी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद यांच्या समाधीमुळे वारकरी संप्रदायात श्रीगोंद्यास मान आहे. वारकऱ्यास विठ्ठलाचे दर्शन घडते ते क्षणमात्र. पण वाटेवर कित्येक दिवस अभंग गाऊन तो आलेला असतो, म्हणून तो क्षण त्यास पुरतो. कलेच्या उत्कंठेसही असेच काही काम दिले पाहिजे. निव्वळ वाट पाहिल्याने मन अधीर होईल. डोळा तयार होणार नाही.

तयार डोळ्याने महोत्सव पाहिला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण घरचेच आहे. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भरला. जहांगीर कलादालनही त्याच वर्षी उघडले. त्या महोत्सवात डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखविला गेला. चोरीस गेलेल्या सायकलीच्या शोधात रोमच्या रस्त्यांतून हिंडणाऱ्या बापलेकांची ती कथा. ती अनेकांनी पाहिली. परंतु बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये ‘दो बीघा ज़मीन’ काढला, आणि त्यात जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यास रिक्षा ओढणारा शेतकरी व त्याचा मुलगा दिसले. दारिद्र्य रॉय यांस परकीय चित्रपटाने शिकविले नाही; ते पडद्यावर कसे आणावे याची एक वाट त्याने दाखविली. स्वतःचा प्रश्न घेऊन गेलेल्या माणसास उत्तराचा धागा सापडला, एवढेच.

यावर कोणी म्हणेल की, लहान गावच्या प्रेक्षकाजवळ ही पात्रता कोठून यावी? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पण मराठी प्रेक्षकांनी तो त्यापूर्वीच आपलासा केला होता. व्हेनिसचा शिक्का पाहून त्यांनी तो उचलून धरला नव्हता. अभिरुची गावास परकी नाही. तिला सराव हवा, आणि सरावाचे साहित्यही जवळच आहे. श्रीगोंदे तालुक्यातच भीमेच्या तीरी पेडगाव आहे. तेथील लक्ष्मीनारायणाच्या जुन्या मंदिरावरील कोरीव काम मुलांसह तासभर पाहावे. एका मूर्तीचा तोल कोठे सांभाळला आहे, छाया कोठे पडते, हे बोलून पाहावे. तो तास पुढे जहांगीरमध्ये उपयोगी पडेल.

तेव्हा यंदा जाणाऱ्यांनी दहा चित्रपटांचा हव्यास न धरता दोनच निवडावे, त्यांविषयी आधी वाचावे आणि परतल्यावर घरी त्यांची चर्चा करावी. आणि समीक्षकांनी महोत्सव आटोपल्यावर निकाल देण्यापूर्वी, तो भरण्याच्या महिनाभर आधी, काय पाहावे व का पाहावे हे दूरच्या वाचकास सांगावे. ज्याच्या पदरी एकच दिवस आहे, त्यास त्या लेखनाची गरज सर्वांत अधिक आहे.