विद्यापीठीय करारांची मान्यता : अधिकार आणि उत्तरदायित्व

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा व रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेस आहे. प्राधिकरणांच्या निर्णयास अधीन राहून स्वाक्षरी कुलसचिव करतात. सार्वजनिक निधीचा विनियोग एकाच हाती राहू नये, या दृष्टीने ही विभागणी योग्यच होय. तथापि मसुद्याची छाननी किती दिवसांत व्हावी, याविषयी या तरतुदी मौन बाळगतात.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पाच जिल्ह्यांचे आहे. त्यांपैकी यवतमाळ हा कापूस उत्पादक जिल्हा. तेथील शेतांवरील संशोधनाचा करार पेरणीनंतर मंजूर झाल्यास त्या हंगामाचा अभ्यासच बुडेल. म्हणून छाननीचे टप्पे, मुदत आणि विलंबाची लेखी कारणे परिनियमांत नमूद होणे आवश्यक ठरते. त्याशिवाय दक्षता व दिरंगाई यांतील भेद स्पष्ट होणार नाही.