मारियाच्या चार पदांची कविता

मारिया हे बाईचं नाव वाटतं. आहे ते गणित. २००९ साली बार्सिलोनात रिमोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या पन्नास रुग्णांचे एमआरआय त्यांच्याच कोलोनोस्कोपीशी ताडून पाहिले आणि चार पदं मांडली. आतड्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले १.५. कॉन्ट्रास्ट दिल्यावर भिंत किती टक्के उजळली, गुणिले ०.०२. सूज असेल तर ५. व्रण असेल तर १०. आतड्याच्या एकेका भागाची बेरीज ७ ला पोचली की रोग जागा, ११ पासून गंभीर.

पहिली दोन पदं मोजपट्टीची, पुढची दोन हो-नाहीची. जाडी मिलिमीटरमिलिमीटरने चढते. सूज मात्र कमरेच्या स्नायूशी तुलना करून ठरते: भिंत त्याहून उजळ दिसली की ५, नाहीतर काहीच नाही. आणि व्रण? भिंतीच्या पांढऱ्या रेघेत एक बारीकशी खाच, आणि थेट दहा. एवढे गुण नुसत्या जाडीने मिळवायचे तर भिंत पावणेसात मिलिमीटरच्या आसपास जायला हवी. निरोगी भिंत तिनाच्या आतली. या दहामध्ये कोलोनोस्कोपी करणाऱ्याचा डोळा बसला आहे, असं मला वाटतं.

जाडीच्या पदाला एक आडवाट आहे. तपासणीआधी रुग्ण लिटरभर किंवा जास्तच मॅनिटॉलचं गोडसर पाणी ग्लासामागून ग्लास संपवतो, ते आतडं फुगावं म्हणून. मिटलेलं आतडं निरोगी असूनही जाड दिसतं, आणि मग चूकसुद्धा दीडपट होते.

मला सर्वांत आवडतं ते हे, की या गणितात शून्य नाही. तीन मिलिमीटरची स्वच्छ भिंतही साडेचार गुण घेऊनच येते. २०१९च्या सोप्या मारियात हे गेलं. जाडी तिनाच्या वर असेल तर १, सूज १, भोवतालची चरबी विस्कटलेली असेल तर १, व्रण २. कॉन्ट्रास्टचं पद गळलं, म्हणजे या गुणांसाठी शिरेत गॅडोलिनियम सोडायची गरज उरली नाही. रुग्ण बहुधा तरुण, तपासण्या जन्मभराच्या. तेव्हा बदल शहाणपणाचाच. पण ओळ सपाट झाली खरी.

फणीला दोन्हीकडे जागा नाही. सुजलेल्या आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून फणीच्या दातांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. गुण शून्य, रिपोर्टात मात्र त्यांचं वाक्य असतंच.