विटेवाचूनची जोडी

कार्तिकीनंतर एका माळकरी कुटुंबाच्या नव्या घरी हरिपाठाला जाण्याचा योग आला. हॉलमध्ये सोफ्याच्या वर विठ्ठल-रखुमाईची चित्रजोडी लावलेली होती. हल्ली ही जोडी पुष्कळ घरांत दिसते. दोन कॅनव्हास, दोन्ही काळ्या पार्श्वभूमीचे. एकावर गोपीचंदनाचा उभा टिळा, माशांच्या आकाराची कुंडले आणि तुळशीची माळ. दुसऱ्यावर ठसठशीत कुंकू आणि नथ. बाकी सारे काळे, रेषा मोजून आठ-दहा.

चित्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही. चितारणाऱ्याचा हात स्थिर आहे, आणि सावळे रूप रंगवण्याऐवजी काळोखच सोडून द्यावा ही कल्पना मला मनापासून आवडली. टिळ्यापुढे चेहरा काढायची गरजच पडली नाही. पाहणाऱ्याचा डोळा तो आपोआप पुरा करतो. हरिपाठ चालू असताना माझी नजर दोनतीनदा तिकडे गेली, हेही कबूल करतो.

पण हरिपाठ संपला आणि घरच्या आजी नमस्काराला उठल्या. सोफ्याच्या कडेने त्या भिंतीशी गेल्या, हात वर केला आणि थांबल्या. चित्र माळेपाशीच संपत होते. खाली पाय नव्हते, वीटही नव्हती. क्षणभराने त्यांनी चौकटीच्या खालच्या भिंतीला बोटे लावली आणि ती कपाळाला लावली. कुणी काही बोलले नाही. मला मात्र पुढे प्रसादाच्या पंगतीत बसवेना.

आपण पंढरीला तासन्‌तास बारीत उभे राहतो ते कशासाठी? मुखदर्शन लवकर होते, तरी चरणांवर डोके टेकल्यावाचून वारी पुरी झाली असे आपले मन मानत नाही. २०२४ साली गाभाऱ्याच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. मुखदर्शन चालू होते, तरी कितीतरी माउली हळहळत परतल्या. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर देव उभा राहिला, ही आपल्या संप्रदायाची मूळ कथा. महाद्वारातली नामदेवरायांची पायरीसुद्धा पायांचीच गोष्ट सांगते. विठ्ठलाच्या चित्रात मुकुट नसला, दागिने नसले, चेहरासुद्धा नसला तरी चालेल. वीट आणि त्यावरची दोन पावले नसली, तर वारकऱ्याने डोके कुठे ठेवायचे?

दोन वेगळ्या चौकटींना काही जण नावे ठेवतात, देव-देवीत फट नको म्हणतात. मला ते पटत नाही. पंढरपुरात रखुमाई देवाच्या शेजारी उभी नाही. तिचे मंदिर मागच्या बाजूला, तिचा गाभारा वेगळा, आणि तिचेही हात कमरेवर. रुसून दिंडीरवनात आलेल्या रखुमाईमागे देव आला, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा मधले दोन-तीन बोटे अंतर पंढरीला धरूनच आहे. एकाच चौकटीत दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करणारी चित्रेच फोटोवाल्याकडच्या जोडप्यासारखी वाटतात. फक्त चौकटी सारख्या मापाच्या असाव्यात. देव मोठा आणि रखुमाई हातभर लहान, अशी जोडी दुकानात मिळते. ती घेऊ नये.

या घरी आणखी एक घोटाळा होता. रखुमाई आपल्या डाव्या हाताला लावलेली होती. आरतीत ती देवाच्या वामांगी आहे. देव आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचे डावे ते आपले उजवे. खिळे ठोकणाऱ्याला हे कुणी सांगितलेच नसावे.

उंचीबद्दल मात्र सजावटवाल्यांचे म्हणणे मी मान्य करतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर यावा, असे ते सांगतात. २ फूट उंचीच्या उभ्या चित्राचे पाय मग ४ फुटांवर येतात, आणि जरा वाकले की कपाळ तिथे पोचते. आपली जुनी पद्धत याहून बरी होती असे नाही. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवांच्या रंगीत छापील तसबिरी साध्या घरांतही पोचल्या. पण आपण त्या दाराच्या वर, आढ्याजवळ, पुढे कलत्या टांगल्या. त्यांत पाय होते, पण हात पोचत नव्हता. धूळ पुसायलाही स्टूल लागे. तरी त्या तसबिरींकडे पाठ करून कुणी बसत नसे. सोफ्यावरच्या जोडीचे तसे नाही. पाहुणा बसतो, मागे रेलतो, त्याच्या डोक्याचे तेल देवाखालच्या भिंतीला लागते.

निघताना सूनबाईंनी विचारले, "काका, कशी वाटली जोडी?" मी जे वाटले ते सांगितले, आजींचेही सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "समोरच्या भिंतीवर घेते, बाजूही बदलते. पण चित्रं हौसेनं आणलीत, ती नाही काढवत. खाली एक फळी ठोकून त्यावर वीट ठेवली तर?"

चित्राबाहेरची वीट चित्रातल्या देवाची होईल का, ते मला त्या वेळी ठरवता आले नाही, आजही आलेले नाही. रंग न दिलेली, भट्टीतली साधी वीट आण आणि फळी सासूबाईंच्या हाताला पोचेल इतकीच उंच ठोक, एवढे सांगून मी चपला घातल्या.